दहावीची उजळणी कितीला पडते?

जानेवारी लागला की सकाळच्या पेपरातून पत्रकं गळायला लागतात. ‘दहावी रिव्हिजन बॅच, ४५ दिवस, मर्यादित जागा.’ माझी लेक दहावीला होती त्या वर्षी आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या घरात एका आठवड्यात तीन पत्रकं पडली. त्यातल्या एकावर फी ९,००० रुपये होती. रोज दोन तास धरले तर ९० तास, म्हणजे तासाला शंभर रुपये. स्वस्तच वाटलं. चौकशीला गेलो आणि एकच विचारलं, ‘यात पोरगी स्वतः किती पेपर लिहिणार आणि ते तपासणार कोण?’ टेबलामागचा तरुण म्हणाला, ‘सर सगळा पोर्शन रिव्हाइज करून घेतात की.’ मी परत तेच विचारलं. त्यानेही परत तेच सांगितलं.

म्हणजे त्या ९० तासांत सर शिकवणार आणि मुलगी ऐकणार. उजळणी सरांची होणार. ती त्यांची दरवर्षीच होते.

वह्या, गाईड, क्लास, ॲप, अभ्यासिका यांच्या मागे फिरून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. दहावीच्या उजळणीत पैसे देऊन घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जाणत्या माणसाकडून झालेली पेपरची तपासणी. बाकीचं एकतर फुकट मिळतं, नाहीतर कागदाच्या भावात. म्हणून कुठल्याही बॅचची फी तासावर मोजू नका. तपासलेल्या पेपरमागे किती पडले, ते मोजा. ९,००० रुपयांत चार चाचण्या असतील तर एक तपासलेला पेपर सव्वादोन हजारांना पडला.

पिवळी पानं

आधी मुलं घरी काय करतात ते बघा. आमच्याकडे भूगोलाचं पुस्तक हायलायटरने पिवळंधमक झालं होतं. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचा आहे. लोकसंख्येच्या पाठाचं एकही पान पांढरं राहिलं नव्हतं. ‘पप्पा, पाठ झालंय सगळं, मी म्हणून दाखवतो की,’ असं म्हणाली. (आमच्याकडच्या पोरी ‘दाखवतो’च म्हणतात.) म्हटलं, म्हणू नको, लिही. पुस्तक मिटलं, कोरा कागद दिला आणि विचारलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोकसंख्या विरळ का? तिने लिहिलं, घनदाट जंगल आणि भरपूर पाऊस. मग पेनाचं टोक चावत बसली. वाहतुकीच्या सोयी कमी, प्रदेश दुर्गम, हे मुद्दे काही आले नाहीत. पुस्तक उघडलं तर तेच वाक्य सगळ्यात गडद पिवळं होतं.

रंगवलेलं वाक्य परत दिसलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की ते येतंय असं वाटतं. परीक्षेत मात्र ओळखायचं नसतं, आठवून लिहायचं असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली हे नीट मोजून दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदाच वाचून मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१. आदल्या रात्री वाचलेलं सकाळी ‘सगळं येतंय’ असं का वाटतं आणि पुढच्या आठवड्यात का हरवतं, ते या चार आकड्यांत आलं.

हायलायटरचा संच दीडशे-दोनशेला येतो. तिथून हिशेब सुरू करा.

कागदाचा हिशेब

राज्य मंडळाच्या दहावीला साधारण नऊ लेखी पेपर असतात. तीन भाषांचे ८० गुणांचे आणि तीन-तीन तासांचे. गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल असे सहा पेपर ४० गुणांचे आणि दोन-दोन तासांचे. प्रत्येक पेपर पाच वेळा लिहायचा ठरवला तर ४५ पेपर होतात. वेळ किती? भाषांचे ४५ तास, बाकीचे ६०, एकूण १०५. दोन महिन्यांवर पसरले तर रोज पावणेदोन तास. क्लासला जाऊन यायला आणि खाली गाडीजवळ गप्पा मारायला जवळपास तेवढाच वेळ जातो.

भाषेच्या पेपरला सोळा पानं आणि बाकीच्यांना दहा धरली तर ५४० पानं, म्हणजे पाठपोट २७० कागद. एक रीम घेतली तर अर्ध्याहून थोडी जास्त संपेल. दीडशे-दोनशे रुपये पुरे. जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स अडीचशेच्या आसपास पानांची होते. पानाला एक ते दोन रुपये दर धरला तर अडीचशे ते पाचशे. झेरॉक्स कॉलेजजवळ करा, कोर्ट-कचेरीजवळ नको. तिथे एकाच पानाला वेगळा भाव लागतो.

प्रश्नपत्रिका कुठून आणायच्या? शाळेत मागच्या वर्षांचे संच असतात, मागायची लाज वाटू देऊ नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. कोविडच्या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विषयवार प्रश्नपेढ्या काढल्या होत्या, त्याही सरावाला कामाच्या आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं, तेही मोफत. बाजारातला अपेक्षित प्रश्नसंच घ्यायचाच असेल तर एक घ्या. एकाच पाठाची तीन प्रकाशनांची तीन गाईडं घेऊन मुलाच्या डोक्यात काही जास्त जात नाही, फक्त टेबलावरची जागा जाते.

आता तपासणी. इतिहास, भूगोल आणि मराठी-हिंदीचे पेपर घरातलं शिकलेलं माणूस पुस्तक समोर ठेवून तपासू शकतं. गणित, विज्ञान आणि इंग्रजी मात्र जाणत्यानेच तपासावं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त बाई राहतात, तीस वर्षं गणित शिकवलेल्या. पेपरमागे ६० रुपये देतो म्हटल्यावर आधी रागावल्या, मग कबूल झाल्या. विज्ञान-इंग्रजीला त्यांनीच त्यांच्या दोन जुन्या सहकाऱ्यांची नावं सुचवली. पाच विषयपत्रिका, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे २५ पेपर आणि १,५०० रुपये. कागद आणि झेरॉक्स धरून सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास गेलं.

त्या तपासणीत काय मिळालं, ते सांगतो. बीजगणिताच्या पहिल्या पेपरात वर्गसमीकरणाचं उत्तर बरोबर होतं, तरी बाईंनी अर्धा गुण कापला, कारण सूत्र न लिहिता थेट किमती घातल्या होत्या. विज्ञानाच्या पेपरात भिंगाचं उदाहरण बरोबर, पण उत्तराला एकक नव्हतं, आणखी अर्धा गेला. भूमितीत प्रमेय येत होतं, कारणं लिहिलीच नव्हती. पहिल्या फेरीत असे साडेचार गुण गेले आणि त्यातला एकही ‘येत नाही’ म्हणून गेला नव्हता. तिसऱ्या फेरीत ही गळती दीड गुणावर आली. ही चूक व्हिडिओ दाखवत नाही आणि ८० जणांची बॅच तर नाहीच दाखवत.

आणि तपासणारा सगळ्यात जवळचा माणूस शाळेतच असतो. जानेवारीत पूर्वपरीक्षा होते. तिचे तपासलेले पेपर मागून घ्या आणि विषयशिक्षकाला पाच मिनिटं गाठा. पूर्वपरीक्षेनंतर बऱ्याच शाळा जादा तास घेतात. क्लास बुडेल म्हणून मुलं ते बुडवतात, ही उलटी गंगा आधी थांबवा. शाळेकडचे गुणही विसरू नका. प्रत्येक विषयात शंभरातले २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि गृहपाठ अशा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. एकही रुपया न घालता हातात असलेले हे गुण अपुऱ्या वहीपायी गेले तर त्यापेक्षा महाग काही नाही. टक्केवारी उत्तम पाच विषयांवर निघते, त्यामुळे सहाव्या दुबळ्या विषयासाठी वेगळी शिकवणी लावण्याआधी तो फक्त सुखरूप पास होण्याइतका आहे का, ते बघा.

क्लास लावायचाच असेल तर

घरात कुणी तपासणारं नाही, मूल एकटं बसत नाही, आईवडील दोघं कामावर, अशी घरं आहेत आणि त्यांच्यासाठी क्लासला पर्याय नाही. मी त्याच्या विरोधात नाही. वर्षभराची फी गल्लीतल्या शिकवणीत दहा-बारा हजारांपासून सुरू होते, राजारामपुरी-शाहूपुरीतल्या मोठ्या क्लासमध्ये तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते. घरी येणारे सर तासाला दोनशे ते पाचशे घेतात. आकडे गल्लीगल्लीला बदलतात, घासाघीसही होते. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या.

पहिली गोष्ट जीएसटी. कोचिंगवर १८ टक्के कर आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या शिक्षकाला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे गल्लीतल्या सरांनी कर लावला तर नंबर विचारा. मोठ्या क्लासला विचारा, सांगितलेली फी करासह की कराशिवाय. २५,००० कराशिवाय असेल तर हातून २९,५०० जाणार. करासह असेल तर मूळ फी २१,१८६ रुपये आणि उरलेला कर. हे गणित तुमच्याच मुलाकडून करून घ्या. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन नावाचा पाठ आहे आणि त्यात जीएसटीच आहे. आमच्या लेकीने पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन मिनिटांत काढून दाखवलं. त्या पाठाची तेवढी उजळणी क्लास न लावताच झाली.

दुसरी गोष्ट परतावा. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पूर्ण फी भरून मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, मध्येच फी वाढवू नये, पावती द्यावी, नोट्सचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असं त्यात आहे. माध्यमिक परीक्षेआधी प्रवेशच देऊ नये, असंही त्यात आहे. संध्याकाळी सहाला राजारामपुरीच्या गल्ल्यांत फिरलात तर हे कलम किती लोकांनी वाचलंय ते कळेल. ही तत्त्वं राज्यांनी अमलात आणायची आहेत, त्यामुळे काउंटरवर नुसती तोंडी ऐकवून भागणार नाही. पावतीच्या मागे परताव्याच्या अटी लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका घरातून मुलीने महिन्याभरात क्लास सोडला. फी ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणाले. पावतीवर तसं काही छापलेलं नव्हतं. घरच्यांनी लेखी अर्ज दिला, दोन वेळा फोन केला आणि तिसऱ्या महिन्यात निम्मी रक्कम परत आली. हेलपाटे घातल्यावर मिळतं, पण ते जानेवारी-फेब्रुवारीत घालावे लागतात, हीच अडचण. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

तिसरी गोष्ट चौकातले फलक. निकाल लागला की शहरात अभिनंदनाच्या डिजिटल फलकांना जागा पुरत नाही. एकच ९८ टक्केवाला कधी दोन फलकांवर हसताना दिसतो. एकीकडे वर्षभर होता, दुसरीकडे आठ दिवसांच्या टेस्ट सिरीजला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम आणले. निकालानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरता येत नाही, आणि तो नक्की कुठल्या कोर्सला किती काळ होता, हे सांगावं लागतं. ते बारीक अक्षर फलकावर शोधा. नसलं तर काउंटरवर विचारा, ‘हा कुठल्या बॅचला होता?’

पैशांत न धरलेला आणखी एक खर्च आहे. क्लासला जायला पोरांच्या हाती मोपेड द्यायची सवय आपल्याकडे जुनी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाल्यापासून अल्पवयीन मूल गाडीसह सापडलं तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. केएमटीची बस नाहीतर सायकल, दोन्ही त्यापेक्षा स्वस्त.

ॲपबद्दल थोडक्यात. पहिला महिना एक रुपयात म्हणत यूपीआय ऑटो-पे मंजूर करून घेतात. परीक्षा मार्चमध्ये संपते, पैसे ऑगस्टपर्यंत कापले जातात. पेमेंट ॲपमध्ये जाऊन तो आदेश लगेच रद्द करा. स्मरणशक्तीच्या सिरपवर मी एक रुपयाही घालणार नाही. तेवढ्यात दूध येतं.

बसायला जागा

दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असेल, धाकटं रडत असेल, तर वर सांगितलेले १०५ तास कुठे बसून लिहायचे? आपल्या गावाला हा प्रश्न नवा नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, तेव्हा त्यांनी पोराच्या डोक्यावर आधी छप्पर आणि ताटात भाकरी दिली. पुस्तकं त्यानंतरची. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात बसायची सोय आहे का, हे आधी विचारा. खासगी अभ्यासिका महिन्याला पाचशे ते हजार-बाराशे घेतात, पण तिथे जास्त करून स्पर्धा परीक्षांची मोठी मुलं असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पाठवण्याआधी एकदा स्वतः अर्धा तास बसून या. खुर्ची, पंखा, स्वच्छतागृह आणि बाहेरचा कट्टा, चारही बघा. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांसाठी घ्या, वर्षाचं पॅकेज घेऊ नका.

घरीच बसणार असेल तर एक पेपर तरी खऱ्या वेळेला, सकाळी अकराला लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. अलीकडे मंडळ शेवटी दहा मिनिटं जादा देतं. घरच्या सरावात ती देऊ नका, मूल त्यांच्यावर विसंबतं. कुठला पाठ कधी आठवून लिहिला, ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेखाली टिपा. आज लिहिलेला पाठ तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने परत यावा. दिनदर्शिका घरात असतेच.

दहावीची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये २० फेब्रुवारीला सुरू झाली. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, म्हणजे परीक्षेच्या तोंडावरच. मिरवणूक आपलीच, पोरंही आपलीच, म्हणून तालमीच्या कार्यकर्त्यांना आधीच जाऊन भेटलेलं बरं. ‘दादा, गल्लीत सात जण दहावीला आहेत,’ एवढं सांगितलं की पेठेतला कार्यकर्ता ऐकतो, हा माझा अनुभव. रात्री दहानंतर डॉल्बी चालूच राहिला तर ११२ आहे. मूल रडवेलं होत असेल, झोपत नसेल, तर टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

निकालानंतरचे पैसे

एक खर्च मे महिन्यासाठी बाजूला ठेवा. गुण अपेक्षेपेक्षा फार कमी आले तर अलीकडच्या दरांनुसार गुणपडताळणीला विषयाला ५० रुपये लागतात, त्यात फक्त बेरीज आणि न तपासलेलं काही राहिलंय का ते बघतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत विषयाला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकन विषयाला ३००, पण त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते, म्हणजे एका विषयाला ७०० धरा. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात. अर्ज ऑनलाइन असतो. छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनाला कामकाजाचे पाचच दिवस मिळतात, म्हणून ती हातात आली की त्याच संध्याकाळी तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन जा. लाल पेन त्यांच्याकडे असतंच.